माझी पोट्टी धरम शिकते

मी हमीदा, वडस्याची. आमी मनियार लोक, बांगड्या भरणं हाच धंदा, सासऱ्याच्या वक्तापासून. मंडईत, लग्नाच्या घरी, जिथी बलावलं तिथी टोपली घेऊन जायचं, कुणब्यायच्या पोरी, गोंडायच्या पोरी, साऱ्यायचे हात माझ्या हातात आले. माझा नवरा लवकर गेला, माझी पोट्टी शाहीन तवा मांडीवर होती. तवापासून मी बांगड्या इकते पण माझे हात मोकळे. नवरा नसलेल्या बाईनं नाई घालायच्या, आमच्यातही तेच, तुमच्यातही तेच, याच्यात काय इचारायचं?

पण शाहीननं इचारलं. आठवीत असन तवा. नागभीडकडं एका लग्नघरी चुडा भरायले गेलो, मी नवरीले भरून राह्यली, ही बाकीच्या बायांले. नवरीची मावशी मागं बसून होती, तिनं हात पुढं केला का हिनंच ओढला, अल्ला जाणे, हिनं तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरून देल्या. मावशीचा नवरा वारलेला. नवरीची आजी म्हणे, काय वो मनियारीणबाई, हे काय केलं तुमच्या पोट्टीनं? अन ते मावशी, काय सांगू बाई तुमाले, ते आपल्या हाताकडं पाहून हासून राह्यली होती. मी साबण लावून एकेक बांगडी उतरवली. फोडली नाई, लग्नाच्या घरी बांगडी फुटू नाई.

वापस येताना पोट्टी म्हणे, अम्मी, हे कुठी लिवलं आहे? मी म्हणली, लिवलं असन कुठी तरी. म्हणे, कुराणात? मी म्हणली, माह्यं डोकं नोको खाऊ, मौलवीसाबले इचार. मले वाटलं गप बसन. ते खरंच गेली. मौलवीसाब सीधा माणूस, म्हणे, बेटी, नवरा गेल्यावरचे इद्दतचे चार महिने धा दिवस सरले का बाई बांगड्या घालू शकते, बाकी लोकायचा रिवाज आहे. पोट्टी घरी आली अन म्हणे, मंग घाल. नाई घातल्या मी, आजवर नाई. मन होते, पण हातच उठत नाई. तिचं मात्र तवापासून हेच सुरू, धरम कोणता, रिवाज कोणता, कोणी ठरवलं, काऊन ठरवलं. नागपूरले बीएले तत्त्वज्ञान घेतलं, आता एमए करून राह्यली, साऱ्यायचे धरम वाचते.

माझे जेठ, नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणे, हमीदा, पोट्टीले नर्सिंगले टाक, डीएडले टाक, हे काय पोट भरते? अन दुसऱ्यायच्या किताबी वाचून इमान पातळ होते आपल्या पोरायचं. जेठ काई वाईट नाईत, नवरा गेल्यावर आमाले त्यायनंच सांभाळलं. मी गेली मौलवीसाबकडं रडत. ते म्हणे, भेव मले बी वाटते बाई. पण सवाल मनात कोंडून नमाज पढण्यापरीस इचारून पढलेली बरी. जेठायले नाई पटलं, अजूनही नाई पटत. शाहीन इदीले आली का काका-पुतणी भांडतात, शीरखुर्मा थंडा होते, मंग पोट्टीच कटोरा घेऊन काकाच्या मागं जाते. पोट्टी नमाज पढते का, जेठ मले इचारतात. कधी पढते, लय वेळ कपाळ टेकून सजद्यात राह्यते, कधी नाई पढत. मी नाई इचारत तिले.

आता तिले पुढं दिल्लीले शिकायचं आहे. जेठायनं गावातलाच मुलगा पाह्यला, चांगलं घर आहे, तिनं हो म्हणलं तर पोट्टी माझ्यापासून दोनच गल्ल्या सोडून राहीन. परवा फोनवर म्हणे, अम्मी, तू म्हणशीन तर मी वापस येते. बाई, झूट नाई बोलत, ये हे जिभेवर आलं होतं. घरी एकटीचाच भात शिजते, तोही उरते. मंडईत काय झालं, कोण भेटलं, कोणाले सांगू? भिंतीले? तिच्या तोंडी लागायची सवय पडली हो मले, आता कोणी उलटून बोलत नाई तर जेवण जात नाई.

मी म्हणली, जा. फोन ठेवला अन तिथीच बसून राह्यली, चुलीवरचा भात करपला तरी उठली नाई.

जाऊ द्या. अल्ला तिले सारं इल्म देवो, जिथी जाईन तिथी सलामत ठेवो. फक्त अल्लाले म्हणा, एखादा सवाल असा ठेवजो, का जो अम्मीलेच इचारायले तिले वडस्याले या लागन.