काकूंची खुर्ची

मालकीण : काका, आधी ती विझवा. मग बोलू.

काका : मी ओढत नाहीये.

मालकीण : बशीत जळतेय ना. हॉटेलच्या दारावर एवढी मोठी नवी पाटी लावलीय. कुत्रा नको, सिगारेट नको.

काका : वाचली.

मालकीण : आणि वाचून दोन्ही घेऊन आलात.

काका : याच्यासाठीच पेटवली. ठोंब्यासाठी.

मालकीण : कुत्र्यासाठी सिगारेट? सकाळी सकाळी मीच सापडले का तुम्हाला?

काका : तुझी काकू गेल्यापासून हा धड खात नाही गं. नुसता दाराकडे बघत बसतो. म्हटलं, इथे तिचा वास येईल त्याला. ही तिचीच सिगारेट.

मालकीण : मग घरी पेटवायची.

काका : घरी ती कधी ओढायची नाही. मला दमा. म्हणून तर याला घेऊन इथे यायची.

मालकीण : दमा? आणि धुरात नाक घालून बसलात?

काका : (खोकत) तिचं एवढंच मागे राहिलंय. हाही गेला तर मी काय करू?

मालकीण : काका, माझ्या बाबांनी या गल्ल्यावर जन्म काढला. सिगारेट कधी ओठाला लावली नाही. आता वर माडीवर ऑक्सिजनची नळी लावून पडलेत. लोकांचा धूर खाल्ला त्यांनी. यात मी नाही ऐकायची.

काका : विझवली. चुकलंच माझं. चल रे ठोंब्या.

मालकीण : थांबा. कुत्र्याचं मी रागाच्या भरात लिहिलं. एका बाईंच्या कपात केस निघाला होता. बसा तुम्ही.

काका : मी बसेन. हा कुठे बसतोय? उभाच आहे, त्या खुर्चीकडे बघत.

मालकीण : कसा बसेल? काकूंची खुर्ची तुम्ही रिकामी ठेवलीत.

काका : तिची आहे ती. मी कसा बसू?

मालकीण : काकू हात धुवायला उठल्या तरी हा उभा राहायचा. बसा तिथे. आणि चपला काढा, काकू काढायच्या तशा.

(काका उठून समोरच्या खुर्चीत बसतात.)

काका : टेकला गं. हनुवटी ठेवली पायावर.

मालकीण : तेच म्हणते मी. हे बिस्किट घ्या, हातानेच द्या.

काका : खातोय. सगळं खाल्लं बघ. अगं, इथून आमची गच्ची दिसते की.

मालकीण : म्हणून तर ही खुर्ची लागायची त्यांना. दुसरं कोणी बसलेलं असलं तर उभ्या राहायच्या, पण दुसरीकडे बसायच्या नाहीत.

काका : काय बघायची एवढं?

मालकीण : तुम्हाला. कुंड्यांना पाणी घालताना. "बघ, पुन्हा त्याच कुंडीत ओततोय, बाकीच्या विसरला," म्हणून हसायच्या.

काका : मला वाटायचं, घरात जीव रमत नाही तिचा.

मालकीण : कॉफी टाकते.

काका : ती गेल्यापासून पाणी घातलंच नाही गं मी.

मालकीण : मग उद्या आधी पाणी घाला, नंतर दोघं या. मी बघेन इथून.