चाळीस वर्षांत एकदा विचारलंन नाय!

…हसले! अख्खा वर्ग हसला! आणि मी म्हणते, हसायचं काय त्यात? मॅडमनी विचारलं, "भाविका, वादी म्हणजे काय?" वर पंखा खडखडतोय, मी शेवटच्या बाकावर, मला ऐकू आलं 'वाडी'. आता चौलच्या मुलीला हे विचारायचं असतं का? उभी राहिले आणि घडाघडा सांगितलं, "नारळ-सुपारीची असते मॅडम, मधे विहीर, पाटाने पाणी सोडायचं…" केळीपर्यंत पोचले तेव्हा कळलं, वादी म्हणजे दावा लावणारा माणूस! तुम्हाला सांगते, मला काही वाटलं नाही. ओली सुपारी लागली की कसं होतं, कान गरम, डोकं सुन्न, गप बसून राहायचं… तशी बसले.

मुळात कायद्याला मला जायचंच नव्हतं हो! बाबांनी घातलं. का? तर आमच्या वाडीतून एक पायवाट जाते. मागे अंबाजीकाकाचं घर, बाबांचा चुलतभाऊ. त्याला रस्त्यावर यायचं तर आमच्या सुपाऱ्यांमधूनच यायला लागतं. यंदा शिमग्याला होळीच्या मानावरून दोघांचं वाजलं आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी वाटेवर फाटक ठोकून वर कुलूप! काका गेला तहसीलदाराकडे. आई म्हणाली, वकील करा. बाबा म्हणतात, "बाहेरचा कशाला? पोरगी बारावी झाली ना? घालू कायद्याला!" म्हणजे चुलीवर आधण ठेवायचं आणि मग भात पेरायला जायचं!

पाच वर्षांचा कोर्स हो हा! नाव लीगल स्टडीज, आणि पहिल्या वर्षाला कायदा नावापुरता. इंग्रजी, तर्कशास्त्र, अर्थशास्त्र… पण बाबा रोज ओटीवर वाट बघत बसलेले. "आज कुठलं कलम झालं?" "बाबा, आज मागणी आणि पुरवठा झाला." "मग कर ना मागणी! कुलूप राहू दे म्हणून मागणी कर!" मला काही वाटलं नाही.

शेवटी मॅडमनाच गाठलं. त्या म्हणाल्या, "हे बघ, वीस वर्षं एखादा माणूस उघडपणे, कुणी न अडवता, परवानगी न मागता ये-जा करत असेल, तर ती वाट त्याच्या हक्काची होते. परवानगी मागून जात असेल तर मात्र नाही." परवानगी! हा शब्द धरून मी एसटीत बसले, चौलपर्यंत तोंडात घोळवत आले. तहसीलदाराला आमचं लेखी म्हणणं द्यायचं होतं, म्हणून घरी पाय ठेवला न् वही उघडून विचारलं, "बाबा, नीट आठवा हं, काकाने कधीतरी विचारलं असेल ना, दादा, जाऊ का म्हणून?"

बाबा ताडकन उठले. "तो? तो विचारील? अगो, चाळीस वर्षं माझ्या उरावरून चाललाय, एकदा विचारलंन नाय! लिही!"

"बाबा, हे नको लिहायला…"

"लिही म्हणतो ना! दिवसाढवळ्या गेला, सायकल घेऊन गेला, पोराची वरात नेलीन, विचारलंन नाय! आणि मी त्याला एकदा अडवला नाय, हा माझा मोठेपणा! तोपण लिही!"

अहो, मी हात जोडले, आईने हात जोडले! "बाबा, यानेच आपण हरणार!" तर मला म्हणतात, "खरं बोलून माणूस हरतो? मग शिकवतात काय गो तुला तिथे?" पेन उचललं. लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं! मला काही वाटलं नाही.

तारखेला तहसीलदार साहेबांनी ते वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. मग काकाला विचारतात, "तुमचं काय म्हणणं?" काका हात जोडून उभा. "साहेब, दादा बोलला तेच. माझ्यापेक्षा बरं लिहिलंय." झालं! कुलूप काढा, वाट मोकळी करा, हुकूम!

येताना एसटीत बाबा पुढच्या सीटवर, मी मागे. मागून त्यांची मान दिसत होती, तारखेसाठी म्हणून मुद्दाम केस कापून आले होते. तेव्हा मात्र वाटलं हो… फार वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने काहीतरी माझ्या भरवशावर टाकलं होतं. खोटं सांगत नाही, खिडकीकडे तोंड करून रडले मी. अजून ते आईमार्फतच बोलतात. "तिला सांग, जेवून घे."

आणि त्याच आठवड्यात मॅडमनी काय सांगावं? "आपल्या गावचा एक वाद लिहून आणा, नावं बदलून." दुसरा वाद कुठून आणू? हाच लिहिला. वही परत देताना म्हणतात कशा, "छान गं! दोन्ही बाजू नीट मांडल्यास. फक्त तो प्रतिवादीचा वकील काही पटत नाही. आपल्याच अशिलाला असं लेखी बुडवणारा वकील असतो का कुठे? काल्पनिक आहे ना तो?"

म्हटलं, "हो मॅडम… अजून पाच वर्षं तरी काल्पनिकच आहे."