दुखत होता गुडघा

...हसा, खुशाल हसा, पण माझ्या जागी असता तर तुम्हीबी तोंड उघडलं असतं. तुम्हाला सांगतो, अख्खी सुपारी दाढंखाली फोडायचो मी, दातांचं कधी नाव काढायला नको, आणि दुखत होता गुडघा! डावा. सास्तूरात माझं किराणा दुकान, मेहुणा वीरप्पाचं शेत कोसभर लांब, पौषात तिथं हुरडा, आणि हुरड्यासाठी आपण जीव टाकतो. गाडीत बसून गेलो तर वीरप्पा साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं विचारणार, "दाजी आले का बाळंतीण आली?" म्हंजे चालतच जायला पायजे.

तेवढ्यात हैदराबादेहून आले पंचाक्षरी वैद्य. सनद दाखवली, उर्दूत. मला उर्दू कुठं येती? पण शिक्का ताटलीएवढा. म्हणाले, "उठा, गुडघा बघू." आता समोर बसलेला बसप्पा, पलीकडचा दुकानदार, आणि त्याच्यासमोर मी गादीवरनं उठत न्हाय, का ते पुढं सांगतो. म्हटलं, "बसल्या जागी दिसंल ते बघा." बसल्या जागी काय दिसणार? तोंड.

"दुखणं गुडघ्यात न्हायच," वैद्य म्हणाले, "जबड्याच्या हाडात पू लपून बसलाय, तो खाली उतरतो."

"डाव्याच गुडघ्यात?"

"डाव्या कुशीवर झोपता का?"

आता डाव्या कुशीवर कोण झोपत न्हाय हो? रिंगणीच्या बियांची तोंडात धुरी दिली, ताटलीतल्या पाण्यात दातातले म्हणून किडे पाडून दाखवले, मी हात जोडले... किड्यांनाच. मग पहिली दाढ काढली. पू न्हाय. "बघा, किती खोल बसलाय." दुसरी काढली. न्हाय. "लबाड हाय, पुढं सरकतोय." असा तो सरकत गेला, मागनं माझ्या दाढा गेल्या, एक न्हाय दोन न्हाय, आठ, आणि दुखत होता गुडघा! आमची बायको महानंदा म्हणाली, "बैल घेतानासुद्धा दात बघत्यात. तुमच्यात आता बघायला काय राहिलं?"

आठव्या दाढंनंतर तोंडात बोळा घालून आठ दिवस घरात पडलो. नवव्या दिवशी उठलो तर गुडघा गप! वैद्यांचा गुण सांगायला पळत दुकानात गेलो, पळत बरं का, तर महानंदा गादी झटकत होती. गादीवरनं तिनं लोखंडी शेर उचलला. "हे वजन हितं काय करतंय?"

काय करतंय? बसप्पा वजन मागून नेतो, परत देत न्हाय. म्हणून बारा वर्षं मी तो शेर डाव्या गुडघ्याखाली दाबून बसतोय.

तिनं शेराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आणि शेर नेऊन तराजूत ठेवला.

आता हुरड्याला मी सगळ्यांच्या आधी पोचतो. चालत. वीरप्पा कणसं भाजतो, मंडळी गाल भरभरून खात्यात, आणि मी ऐसपैस मांडी घालून बसतो, काही दुखत न्हाय बघा... आणि सगळ्यांना हुरडा चोळून देतो.