बाईंच्या भुवया

त्वचेच्या दवाखान्यात मी हाताची खाज दाखवायला बसलो होतो. डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून एक शिक्षिका बाहेर आल्या. त्यांची धाकटी बहीण बाकावर वाट बघत होती.

“झालं, ताई? गेल्या कपाळावरच्या आठ्या?”

“इंजेक्शन घेतलंच नाही. आठ्या आहेत जागच्या जागी.”

“अगं, माझी पार्लरवाली पाच मिनिटांत टोचते. उद्याची वेळ घेतलीय मी.”

“काय टोचते, ते सांगितलं का तिनं?”

“छे! बाटलीवरचं नाव विचारलं, तर रुसली.”

“इथे डॉक्टरांनी आपणहून सीलबंद बाटली दाखवली. नाव, तारीख मला वाचायला लावली. काही बिघडलं तर त्या काय करतील, तेही सांगितलं.”

“मग अडलं कुठे?”

“त्यांनी माझं काम विचारलं. म्हटलं, कर्णबधिर मुलांना शिकवते. म्हणाल्या, एखादी गोष्ट सांगून दाखवा.”

“आणि तू दाखवलीस?”

“वाघाची. वाघ चिडला, ससा दचकला, सगळं. पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, ‘या औषधानं काही महिने कपाळ हलणार नाही. तुमचा वाघ आणि ससा सारखेच दिसायला लागतील. मुलांना कळायचं कसं?’”

“म्हणजे हातचं गिऱ्हाईक घालवलं की बाईनं!”

“म्हणून तर पुढेमागे काही करायचं झालं, तर इथेच येईन.”

“तुझं ठीक आहे गं. मी कुठे वाघ करते? मी जाऊ ना उद्या पार्लरमध्ये?”

ताईंनी नुसत्या भुवया वर केल्या.

“बरं बाई, ओरडू नकोस. नाही जात.”