मास्कवरचे मासे

[वॉर्डातली सकाळ. सहा वर्षांची मनी पलंगावर, आजी शेजारच्या खुर्चीत.]

मनी : आजी, हे नाकाला लावायचं की तोंडाला?

आजी : दोन्हीला. पण तुला हा मास्क दिला कुणी?

मनी : सिस्टरनं. स्टिकरपण दिले. म्हणाली, हवा तसा सजव, म्हणजे आत गेल्यावर ओळखीचा वाटेल. आत म्हणजे कुठे?

आजी : तुझी आई फॉर्म भरून येतेच आहे. ती सांगेल.

मनी : ती म्हणाली, डॉक्टर नुसता घसा बघणार. आ करायचं आणि घरी. मग मला सकाळपासून पाणी का नाही दिलं?

आजी : तो मासा तिरका लागलाय बघ.

मनी : आणि बॅगेत माझी उशी कशाला?

आजी : बाई बाई, वकील होणार आहेस का तू?

मनी : तू माझ्याकडे बघत नाहीयेस.

आजी : बघते की. हे बघ, बघितलं.

मनी : तुला माहितीये आणि तू सांगत नाहीयेस.

आजी : अगं, मी तुझ्या आईला कबूल केलंय, काही बोलणार नाही म्हणून... झालं! बोललेच की मी.

मनी : आता उरलेलंपण सांग.

आजी : इकडे सरक. हात दे. तुझ्या घशात दोन गोट्या आहेत, दोन्ही बाजूंना एकेक. त्या सारख्या सुजतात, म्हणून तुला ताप येतो आणि तू बाबांसारखी घोरतेस.

मनी : बाबा जास्त घोरतात.

आजी : ते आहेच. तर डॉक्टर आज त्या गोट्या काढणार. तुला आधी गाढ झोपवतील, या मास्कमधून.

मनी : कापून काढणार?

आजी : हो.

मनी : दुखेल?

आजी : झोपेत अजिबात नाही. उठल्यावर दुखेल. गिळताना जास्त. थोडे दिवस दुखेल, मग रोज थोडं कमी.

मनी : तुझं केलं होतं असं?

आजी : माझं नाही. तुझ्या आईचं, कानाचं. सात वर्षांची होती. दोन वेण्या, लाल फ्रॉक, आणि बडबड तर अशी, की रिक्षावाला म्हणाला, ताई, हिला पुढे बसवा, माझाही वेळ जाईल.

मनी : तिला माहिती होतं?

आजी : नाही. मी तिला सांगितलं होतं, आपण बाहुली आणायला चाललोय.

मनी : शी! खोटं!

आजी : खोटंच.

आई : कोण खोटं बोललं? मनी, तोंड असं का केलंयस?

मनी : माझ्या गोट्या कापणारेत आणि तू म्हणालीस नुसतं बघणार!

आई : आई! एक गोष्ट सांगितली होती तुला. एकच!

आजी : राहवलं नाही गं. पोर सरळ विचारत होती.

आई : विचारणारच! पण आत्ता कळलं की आता घाबरत बसणार. माहीत नसतं तेच बरं असतं.

आजी : तुझ्या वेळी मी अगदी हेच म्हणाले होते.

आई : माझ्या वेळचं काढू नकोस.

आजी : त्या बाहुलीचा राग अजून आहे ना?

आई : बाहुली गेली खड्ड्यात. तू म्हणाली होतीस, डोळे उघडशील तेव्हा मी समोर असेन. मी डोळे उघडले तर समोर कुणाची तरी आजी. शेजारच्या पलंगावरच्या मुलीची. तिनं मला चमच्यानं पाणी पाजलं. तू नव्हतीस.

आजी : मी जिन्यात होते.

आई : कुठे?

आजी : जिन्यात. पायरीवर बसून होते. तुला बाहेर आणलं, एवढंसं डोकं आणि त्याला एवढं मोठं बँडेज. मला हुंदका आवरेना. तुझे बाबा म्हणाले, पोरीसमोर रडू नकोस, तोंड धुऊन ये. मी जाऊन तोंड धुवायचे, दारापर्यंत यायचे, आणि पुन्हा तेच. शेवटी पायरीवर बसले ती तासभर.

आई : मला वाटलं, तू घरी गेलीस. धाकटा भाऊ लहान होता ना, त्याच्यासाठी.

आजी : अगं, त्याला मी शेजारी ठेवलं होतं! विचारलं का नाहीस कधी?

आई : तू सांगितलं का नाहीस? बत्तीस वर्षं, आई.

आजी : लाज वाटायची. आईनं असं पळून जायचं असतं का?

मनी : आई, तू आत्ता फॉर्ममध्ये काय लिहिलंस?

आई : काय म्हणजे? तुझं नाव, वजन, सगळं.

मनी : सिस्टर म्हणाली, झोप लागेपर्यंत घरचं एक माणूस आत येऊ शकतं. फॉर्ममध्ये लिहायचं असतं. कुणाचं लिहिलंस?

आई : कुणाचंच नाही.

आजी : का गं?

आई : मला रडू आलं असतं. हिनं बघितलं असतं म्हणून...

आजी : म्हणून तूही जिन्यात.

मनी : फॉर्म बदल. तुझं नाव लिही.

आई : आणि मी रडले तर, मने?

मनी : मीपण रडणारे. मास्क लावेपर्यंत.

आई : बरं. आलेच लिहून. आई, तिची वेणी सैल कर, टोपी घालायची आहे. आणि... तिला सांगितलंस ते बरं केलंस.

मनी : आजी, मासे सरळ झाले का?

आजी : हा एक अजून पालथा आहे.

मनी : तो झोपलाय. मी डोळे उघडेन तेव्हा तू कुठे असशील?

आजी : याच खुर्चीत.

मनी : रडू आलं तर?

आजी : आवरीन गं.

मनी : आवरू नकोस. पण खुर्चीतच रड हं, जिन्यात नको.