हब फिरवणारी

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत ती गॅरेजच्या बाकावर बसली होती. समोर एक वयस्क जोडपं आपल्या जुन्या जीपपाशी मिस्त्रीशी बोलत होतं.

"मिस्त्री, पुढच्या चाकांचे हब बदलूनच टाका. आपोआप लॉक होणारे बसवा."

"काही नको! आहेत तेच उघडा, साफ करा, ग्रीस भरा."

"अगं, हे हाताने फिरवावे लागतात. दर वेळी चिखलात उतरायचं."

"उतरतं कोण? तुम्ही?"

"म्हणून तर म्हणतोय. तुझे गुडघे..."

"गुडघ्यांचं माझं मी बघते. मिस्त्री, लग्न झाल्यापासून गाडी रुतली की हे स्टिअरिंग धरून बसतात. मी बाह्या सरसावून दोन्ही हब फिरवते, पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळतो, तेव्हा कुठे ती हलते. आणि चारचौघांत हे सांगतात काय? 'मी गाडी काढली!'"

"वहिनी, दुरुस्त होतील. पण फिरवायला जोर लागणारच."

"लागू दे. नाहीच जमलं, तर मी स्टिअरिंगवर बसेन. हे उतरतील."

"मला कुठे येतंय ते?"

पंक्चर केव्हाच निघालं होतं. ती बाकावरून हलली नाही.

"शिकवीन की. आधी चपला काढून गाडीत ठेवायच्या. माझे किती जोड त्या चिखलातच राहिलेत!"