आबांची लेट बोट

तुम्ही लेट गाडीचं काय घेऊन बसलात, आमच्या आबांनी एकाहत्तरच्या लढाईत बोट लेट ठरवली होती! आबा म्हणजे आमचे वडील, बोदवडला स्टेशनमास्तर आणि माझा थोरला भाऊ सुरेश नौदलात, वेगवान बोटीवर. लढाई सुरू झाली तशी बोट मुंबईहून सुटली, हे आबांनीच ठरवलं. माझ्या शाळेच्या नकाशावर त्यांनी गुजरातच्या ओखा बंदरापर्यंत समुद्रात स्टेशनं आखली आणि दर तासाला तुरीचा दाणा पुढे सरकवायला लागले. दुसऱ्या दिवशी दाणा ओख्याला लागला. गाडी पोहोचली की पुढचं स्टेशन कळवतं. इथे कोण कळवणार? खबर नाही म्हणून आबांनी बोट लेट धरली आणि त्यांची अन्नावरची वासनाच उडाली.

आई म्हणाली, "अहो, समुद्रात कुठे रूळ असतात?"

"नसतात, म्हणूनच भीती वाटते गं."

आठव्या दिवशी सुरेशचं पत्र आलं. "आबा, काळजी नको. आमच्या बोटीचं इंजिन बिघडलंय. महिनाभर मुंबईच्या गोदीतच आहोत."

आबांनी पत्र दोनदा वाचलं, डोळे पुसले, दाणा उचलून मुंबईवर ठेवला आणि आईवरच ओरडले, "ऐकलंस? लेट नव्हतीच! सुटलीच नव्हती! वाढ मला."